आठ तुकडे

भावोजी सकाळीच आले. माझे हात कोपरापर्यंत पिठात, आणि ते दारातूनच म्हणाले, "लान, चंद्र वर यायच्या आत पोरीला घालवायचं बघ."

चहा आहे का, सणाचा केक कुठवर आला, काही नाही. सरळ पोरीवरच.

भावोजी म्हणजे माझे मोठे दीर, छुसोंग. अंगण एकच, घरं दोन. पूर्वेचं त्यांचं, पश्चिमेचं आमचं. जाऊबाई गेल्यापासून ते एकटेच असतात आणि जेवायला आमच्याकडे. घराण्याच्या देवळात पहिली उदबत्ती त्यांची, गावच्या बैठकीत पहिला शब्द त्यांचा. आमच्या ह्यांची साठी उलटली, पण भावापुढे अजून शाळकरी पोरासारखे उभे राहतात.

"कुठे घालवू?" मी विचारलं.

"बाजाराच्या गावी बसथांब्यासमोर लॉज आहे. खोली सांगून ठेवलीय मी. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. उद्या सकाळी येऊ दे की परत, मी कुठे नको म्हणतोय?"

"घर असताना लॉजवर राहायचं तिनं?"

"लग्न झालेल्या मुलीचं घर कुठलं, हे आता मी तुला शिकवू? चंद्राच्या सणाच्या रात्री लेक माहेरी राहिली की भावाचा संसार बसतो. शाओफंगच्या लग्नाला चार वर्षं झाली, अजून पाळणा हलला नाही. मुलाचा तरी विचार कर."

शाओफंग माझा मुलगा. तो आणि सून शेनझेनला नोकरी करतात. दोघं इतके राबतात की त्यांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, पाळणा हलणार कुठून? पण हे भावोजींना कोण सांगणार.

"वानयूचा केकातला तुकडा तिच्या सासरी कापतील," ते म्हणाले.

"सासर उरलंय कुठे? घटस्फोटाचा कागद हातात पडून दोन महिने झाले. तिच्या पलंगावर दुसरी बाई झोपते. ते आता त्या बाईचा तुकडा कापतील. माझ्या पोरीचा कुणी कापायचा?"

"ते मी काय सांगणार? इथे पाचच. मी, तुम्ही दोघं, शाओफंग आणि सूनबाई. छुबाइला सांग, संध्याकाळी तिला स्कूटरवरून सोडून ये." छुबाइ म्हणजे आमचे हे. एवढं बोलून भावोजींनी स्वतःच किटलीतला चहा ओतून घेतला, दोन घोटात संपवला आणि गेले.

मी पिठाचा गोळा असा आपटला की परातीनं जागा सोडली.

तुकड्यांचं इतकं काय, असं तुम्ही म्हणाल. हा मोठा केक दुकानातल्या चकचकीत डब्यातला नव्हे. तो घरोघरी एकच असतो, आणि घरात जेवढी माणसं तेवढेच त्याचे तुकडे, सगळे सारखे. जे लांब आहेत त्यांचाही तुकडा कापून डब्यात ठेवायचा. घरातल्या बाईला दिवस गेले असतील तर पोटातल्याचाही कापायचा. ज्याचा तुकडा नाही तो त्या घरचा नाही. माझी पोर सासरच्या केकातून गेली होती. आता माहेरच्याही केकात नाही म्हणजे जगात कुठेच नाही, असं झालं असतं.

भावोजींना हे नवीन नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी हुइजुन एका वर्षी अशीच, याच सणाच्या दिवशी सुजलेला डोळा घेऊन आली होती. त्यांनी तिला सायकलवर मागे बसवलं आणि चंद्र उगवायच्या आत नवऱ्याच्या दारात सोडून आले. पुढे तिनं ते घरही सोडलं आणि दूर उत्तरेला गेली. जाऊबाई वारल्या तेव्हा आली, पण स्मशानातूनच परत फिरली. या अंगणात तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. आणि भावोजींनी तिचं नाव काढलं नाही.

दुपारी मी चरबी कढवायला घेतली. डुकराची ताजी पांढरी चरबी. ती मैद्यात फेसून साटा केला की केकाला पापुद्रे सुटतात. आत मुगाचं पुरण, आणि पुरणाच्या पोटात खारवलेल्या अंड्यांचे बलक. वानयू माझ्याशेजारी बसून बलक वेगळे करत होती. कढईतून वास उठला आणि ती तोंडावर हात धरून मोरीकडे पळाली.

हिला लहानपणी चरबीची कुरकुरीत बेरी कढईतून उचलून खायची सवय. मी ओरडायची, ती पळायची. मी गॅस बंद केला आणि तिच्यामागे गेले. दोन पोरं काढलीत मी, मला काय दिसत नाही?

"कितवा?"

तिनं तोंड धुतलं आणि शर्टाच्या बाहीलाच पुसलं. "चौथा लागेल."

"त्याला माहीत आहे?"

"नाही. कागद झाल्यावर मलाच कळलं." मग एकदम माझा हात धरला. "आई, तू कापू नकोस. माझाही नको आणि याचाही नको. समोरची छियाओ काकू दरवर्षी येऊन तुकडे मोजते. आज ती मोजेल, उद्या गल्लीला कळेल, परवा सासूला. पाच वर्षं नातू नातू करून त्या बाईनं माझा जीव खाल्लाय. ती माणसं घेऊन येईल. आणि काका मला स्वतः गाडीत बसवून देतील."

"छियाओचं सोड. तिच्या पोटात कसली कसली गुपितं राहतात, याची तुला कल्पना नाही."

"मी लॉजवर जाते ना. एकच तर रात्र आहे."

पाहते तर तिची बॅग भरून दाराशी तयार! माझ्या डोक्यात तिडीक गेली. बॅग उचलली आणि सरळ कोंबड्यांच्या खुराड्यावर फेकली. कोंबड्यांनी असा कल्ला केला की आमचे हे आतून धावत आले.

"काय झालं?"

"काही नाही. कोंबड्यांना सांगत होते, आज कुणी कुठे जायचं नाही."

ह्यांनी बॅगेकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि मुकाट्यानं आत गेले. तसे ते भले आहेत. पण भलेपणा आणि कणा यांत फरक असतो, हे मी त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून मोकळी झाले होते.

वानयूला मी म्हणाले, "पोटातल्याचं बोलायचं की नाही, ते तू ठरव. मी तोंड उघडणार नाही. पण तुझा तुकडा मी कापणार. त्यात तुझा संबंध नाही. तो माझा हट्ट आहे."

"आणि काकांनी तमाशा केला तर?"

"करू दे. तमाशाला मीही काही कमी नाही."

ती हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा. मग नाकाला फडकं बांधून पुन्हा बलक वेगळे करायला बसली.

केक भट्टीतून निघाला तेव्हा ऊन उतरलं होतं. ताटाएवढा, पांढराफटक, कडांना सोनेरी. मी मधोमध लाल शिक्का उठवला. चौकात पोरांनी फुटक्या कौलांचा उंच मनोरा रचला होता, अंधार पडला की त्याच्या पोटात लाकडं घालून पेटवणार होती. त्यांचा आरडाओरडा घरापर्यंत येत होता. भावोजी धुतलेला शर्ट घालून आले आणि ह्यांना म्हणाले, "छुबाइ, निघ आता. उशीर होतोय."

आमचे हे स्कूटरपाशी गेले. किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. "बॅटरी संपलीय दादा."

"संपली? काल तर पूर्ण होती."

"चार्जिंगला लावायची राहून गेली बघ."

भावोजी स्कूटरभोवती फिरून आले. "चार्जर कुठाय?"

"तोच तर सकाळपासून सापडत नाही."

चार्जरची काळी वायर ह्यांच्या पँटच्या खिशातून वीतभर लोंबत होती. वानयूनंही ती पाहिली. तिनं पुढे होऊन बाबांचा शर्ट मागून नीट केला आणि वायर आत खोचली. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात मला ह्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. आडोसा असता तर मी ह्यांच्या गालावरून हात फिरवला असता.

भावोजी तणतणत बैठकीच्या खोलीत जाऊन बसले. दुसरी गाडी बोलवायची तर सणाच्या संध्याकाळी येतो कोण? आणि आता अंगणात माझं राज्य सुरू होणार होतं. कारण चंद्रआईची पूजा बायकांची. तिच्या चौरंगापाशी पुरुष फिरकत नाहीत. ते आत बसून चहा पितात, आणि बशीतून हातात येईल तो तुकडा खातात. केक कापताना आमच्याकडे आजवर एकाही पुरुषानं पाहिलेला नाही.

मी चौरंग मांडला. पपनस, डाळिंबं, उकडलेल्या अळकुड्या, चहाचे तीन पेले आणि मधोमध केक. अंगणाचं फाटक सताड उघडं ठेवलं. शेजारच्या छपरावर चंद्राची कड दिसली, तशी मी उदबत्त्या पेटवल्या. तीन मी घेतल्या, तीन वानयूच्या हातात दिल्या. आम्ही दोघी गुडघे टेकून बसलो.

"लान!" भावोजी उंबरठ्यावर येऊन उभे. "मी सकाळी काय सांगितलं होतं?"

"ऐकलं होतं मी."

"मग ही इथे काय करतेय?"

"उदबत्ती लावतेय. तिथून दिसत नाही का? या की बाहेर."

उंबरठ्यावरच त्यांचे पाय अडले. "तोंड आवर. घराण्याची रीत आहे ही. माझ्या आजोबांपासून चालत आलेली."

"चंद्राच्या पूजेत पुरुषानं तोंड घालू नये, हीही त्यांचीच रीत."

आतून ह्यांच्या खोकल्याचा आवाज आला. मला माहीत आहे, तो खोकला नव्हता.

मी नमस्कार केला, उदबत्त्या खोचल्या आणि सुरी उचलली. भावोजींचा आवाज चढला. "पाचाच्या वर एक जरी तुकडा पडला ना, तर या घरचं अन्न शिवणार नाही मी. सांगून ठेवतो."

"बरं होईल. एक पातेलं कमी घासावं लागेल मला." आणि मग माझा तोल सुटला. सुटायलाच हवा होता. "पाच पाच काय लावलंय सकाळपासून? पाच कधी होते हो भावोजी?"

"गेल्या वर्षी पाचच होते."

"गेल्या वर्षी सहा होते. त्याच्या आदल्या वर्षीही एक जास्त. त्याच्या आदल्या वर्षीही. वानयू तेव्हा सासरी नांदत होती, म्हणजे तिचा नव्हे. तुम्ही कधी मोजलेत? कसे मोजणार? तुम्ही तर आत चहा पीत होता."

"सहावा कुणाचा?"

"हुइजुनचा."

वानयूनं माझ्याकडे पाहिलं. हे तिलाही माहीत नव्हतं.

"तुम्ही पोरीला सायकलवर घालून नेलंत ना, त्याच रात्री जाऊबाईंनी तिचा तुकडा कापला. या हातांत ताट होतं, मी समोर उभी होते. दरवर्षी कापला. तुमच्या बशीतला तुकडा दरवर्षी तेवढा लहान असायचा, आणि तुम्ही मिटक्या मारत खात होता. अख्ख्या गल्लीतल्या बायकांना ठाऊक आहे. त्या येतात, मोजतात आणि गप्प घरी जातात. इतक्या वर्षांत एकीनंही नवऱ्याजवळ तोंड उघडलं नाही."

भावोजींनी उंबरठा ओलांडला. आपण ओलांडतोय हे त्यांना कळलंही नसावं. चौरंगापाशी येऊन केकाकडे बघत राहिले, जणू अजून न कापलेल्या केकात त्यांना ते तुकडे दिसणार होते.

"कोण खायचं तो?"

"जाऊबाई. चुलीपाशी, उभ्या उभ्या. शेवटच्या वर्षी त्यांना गिळवत नव्हतं, तर चहात भिजवून खाल्ला. त्या गेल्यावर मी खाते."

म्हातारा एकदम म्हातारा दिसायला लागला. मला दया आली का? आली, खोटं कशाला बोलू? पण सुरी मी खाली ठेवली नाही.

"सात," मी म्हणाले. "हुइजुन धरून सहा, वानयू धरून सात."

"आई," मागून वानयू म्हणाली, "आणखी एक."

मी वळून पाहिलं. ती उभी राहिली होती. नाकाचं फडकं अजून गळ्यात लोंबत होतं आणि एक हात पोटावर होता.

"आठ कर. याचाही काप."

आमचे हे दारात आले, पण उंबरठ्याच्या आतच थांबले. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग ते दाराला टेकून खालीच बसले.

भावोजींना मात्र जुनी सवय. तशा अवस्थेतही त्यांच्या तोंडून निघालंच, "अगं, पण मग हे मूल त्यांच्या घराण्याचं. ते येतील. तुला न्यायला येतील."

"येऊ देत, मोठे काका." वानयू एक पाऊल पुढे आली. "या फाटकातून आत येऊ देत आणि मोजू देत. त्यांच्या केकात माझा तुकडा नाही, मग माझ्या पोटातल्याचा कुठून येणार? ज्या घरात कापला जाईल त्या घरचं हे. ही रीत तुमचीच ना? मग आता तुम्हीच सांगायची ती त्यांना. बैठकीत पहिला शब्द तुमचा असतो."

आपल्याच रीतीच्या दोरीनं आपल्यालाच कुणी बांधावं, तसं झालं भावोजींचं.

मी केक कापला. पाच तुकडे सारखे पडायला जीव जातो, सात तर विचारूच नका. आठाचं सोपं असतं. मधोमध, मग आडवा मधोमध, मग तिरके दोन. एक पापुद्रा निसटला नाही. प्रत्येकाला अर्धा बलक, प्रत्येकाला लाल शिक्क्याचा एक कोपरा.

भावोजींपुढे त्यांची बशी धरली. त्यांनी ती घेतली, पण नजर ताटावरच होती. "हुइजुनचा कुठला?"

मी बोटानं दाखवला.

"तो मला दे, लान."

"नाही."

"मी तिचा बाप आहे."

"म्हणूनच नाही. तो तिचा आहे. तुम्हाला हवा असेल तर तिला विचारा, ती देते का. नंबर वानयूकडे आहे."

भावोजींनी वानयूकडे पाहिलं नाही. पण तिथून हललेही नाहीत. बशी हातात धरून चंद्राच्या उजेडात उभे राहिले. तो तुकडा मी डब्यात ठेवला, शाओफंगच्या आणि सुनेच्या तुकड्याशेजारी, आणि झाकण लावलं.

तेवढ्यात समोरची छियाओ आलीच. हातात स्वतःच्या घरची अळकुडी, तोंडात प्रश्न. पण चौरंगापाशी पुरुषमाणूस उभा बघून तिचे शब्द तोंडातच राहिले. मग सवयीनं तिनं बोटं मोडत मोजायला घेतलं. ताटातले, भावोजींच्या बशीतला, आणि झाकण उघडून डब्यातले. आठव्याला अडली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग तिची नजर वानयूच्या पोटावरच्या हाताकडे गेली, आणि ती जीभ चावून फाटकाकडे वळली.

"चालले गं मी. मी काही पाहिलं नाही."

"पाहिलंत, काकू," वानयू म्हणाली. तिनं ताटातला आपला तुकडा उचलला आणि मोठा घास घेतला. चरबीच्या वासानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं तो गिळला. मग दुसरा तुकडा उचलला, तिच्या पोटातल्याचा. "या वर्षी गप्प बसू नका. सगळ्या गल्लीला सांगा, लानच्या घरी आठ आहेत."